नरक्या आणि डीएनएचा पीळ



मराठीचा निवृत्त प्राध्यापक व्यासपीठावर आला की तो एखाद्या कवीवर वा ग्रंथावर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. आज मी तो प्रघात मोडणार आहे. इतिहास जसा राजांचा आणि ग्रंथांचा असतो, तसाच तो एखाद्या झाडाचा आणि त्या झाडातील एका रेणूचाही असतो. मी निवडलेला इतिहास कर्करोगावरील एका औषधाचा आहे. त्याचे एक टोक खानदेशात आहे, दुसरे अमेरिकेत आहे आणि तिसरे आपल्या धारवाडच्या पश्चिमेस, जेथे मलनाडाचे रान सुरू होते, तेथे आहे.

प्रारंभ एका शब्दापासून करतो. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण आपण माणसाच्या स्वभावाला लावतो. परंतु सजीवांच्या बाबतीत पीळ हा अलंकार नव्हे, ती वस्तुस्थिती आहे. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. दोन धागे परस्परांभोवती वळलेले, आणि सुमारे दर दहा पायऱ्यांमागे एक वेढा. मानवाच्या एका पेशीतील हा दोर उलगडून सरळ मांडला तर सुमारे दोन मीटर भरतो आणि तो सामावलेला असतो डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीकेंद्रात.

पेशीला दुभंगण्यापूर्वी या दोराची नक्कल करावी लागते आणि नक्कल करण्यासाठी दोन धागे विलग करावे लागतात. वळलेल्या सुतळीचे पदर एका टोकाकडून ओढून वेगळे केले तर पुढचा भाग अधिकाधिक आवळत जातो आणि अखेर तिढा बसतो, हे आपण पाहिलेले आहे. मग पेशीतील दोराला तिढा का बसत नाही? या प्रश्नाचे उत्तर १९७१ साली जेम्स वँग यांच्या संशोधनातून पुढे आले. त्यांना जिवाणूंमध्ये असा एक विकर सापडला की जो डीएनएचा एक धागा तात्पुरता तोडतो, साठलेला पीळ सैल होऊ देतो आणि तुटलेली टोके पुन्हा जोडतो. पुढे या जातीच्या विकरांना टोपोआयसोमरेज हे नाव मिळाले. तोडणे आणि जोडणे, दोन्ही एकाच हाताने! हा हात क्षणभरही चुकला तर पेशीचे काय होईल, हा प्रश्न मात्र तेव्हा कर्करोगाच्या औषधांशी कोणी जोडलेला नव्हता.

आता खानदेशाकडे वळू. मनसुख वाणी यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ रोजी नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि इंडियाना विद्यापीठाची पीएच. डी. मिळवून १९६२ साली नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. वॉल यांनी पूर्वी कॉर्टिसोनसाठी उपयोगी द्रव्यांच्या शोधात हजारो वनस्पती तपासल्या होत्या. त्यांतील काही अर्क कर्करोगाच्या चाचणीसाठी पाठवले गेले, तेव्हा एका चिनी वृक्षाचा अर्क प्रभावी ठरला. चीनमध्ये त्या वृक्षाला ‘शी शू’, म्हणजे आनंदवृक्ष, म्हणतात. त्यातील गुणकारी रेणू वेगळा करून वाणी, वॉल आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. त्याचे नाव कॅम्प्टोथेसिन. याच जोडीने १९७१ साली टॅक्सॉलची रचनाही उलगडली. एका आयुष्यात असे दोन रेणू हाती लागणे ही दुर्मिळ गोष्ट होय.

परंतु कॅम्प्टोथेसिनची वाट सोपी नव्हती. तो रेणू पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना देण्यात आला. त्या क्रियेत रेणूमधील एक कडे उघडते आणि औषधाची धार बोथट होते. हेच उघडलेले कडे मूत्राशयातील आम्लतेत पुन्हा मिटे आणि तेथे रक्तस्राव घडवी. अस्थिमज्जेवरही आघात होई. १९७२च्या सुमारास चाचण्या थांबल्या. औषध अयशस्वी ठरले, असाच शेरा तेव्हा बसला.

माझ्या मते या इतिहासाचा गाभा येथे आहे. रेणू तोच होता. अपुरे होते ते त्याच्याविषयीचे ज्ञान. हा रेणू मारतो हे माहीत होते, तो कसा मारतो हे माहीत नव्हते. त्याचे उत्तर १९८५ साली लिरॉय लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. कॅम्प्टोथेसिनचे लक्ष्य म्हणजे पीळ सोडवणाऱ्या त्याच जातीचा एक विकर, टोपोआयसोमरेज-१. विकराने धागा तोडला की हा रेणू त्या फटीत पाचरीसारखा बसतो आणि टोके जुळू देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा धावत येऊन त्या अडथळ्यावर आदळते, दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. कर्कपेशी वारंवार दुभंगतात, म्हणून हा घाव त्यांना विशेष जिव्हारी लागतो. वेगाने वाढणाऱ्या निरोगी पेशींनाही तो चुकत नाही. औषधाचे दुष्परिणाम त्यातूनच उद्भवतात.

कारण कळताच टाकून दिलेला रेणू पुन्हा हाती घेण्यात आला. कडे शाबूत ठेवून तो विद्राव्य कसा करावा, यावर काम झाले. त्यातून इरिनोटेकन (जपानमध्ये १९९४, अमेरिकेत १९९६) आणि टोपोटेकन (अमेरिकेत १९९६) ही औषधे मान्यता पावली. पहिले मोठ्या आतड्याच्या, तर दुसरे बीजांडकोशाच्या कर्करोगावर. २०१५ साली इरिनोटेकनचा जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश झाला. मन्रो वॉल २००२ मध्ये निवर्तले, मनसुख वाणी १० एप्रिल २०२० रोजी, पंचाण्णव वर्षांचे आयुष्य जगून.

आता तिसरे टोक. १९७२ साली मुंबईतील गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना हाच रेणू सह्याद्रीतील एका लहानशा झाडात आढळला, आणि तोही चिनी वृक्षाहून विपुल. सुक्या लाकडात हजार भागांत सुमारे एक. या झाडाला आपण ‘नरक्या’ म्हणतो, कन्नडात ‘दुर्वासने मर’. त्याच्या फुलांना उग्र दुर्गंध येतो. चिन्यांनी आपल्या झाडाला आनंद म्हटले, आपण नरकाची आठवण दिली. औषध मात्र दोघांत एकच!

नव्वदीच्या दशकात औषधांना मागणी येताच नरक्यावर कुऱ्हाड पडली. प्रयोगशाळेत हा रेणू घडवता येतो, परंतु झाडातून काढणेच अधिक स्वस्त पडते. सह्याद्रीत ठिकठिकाणी चोरटी तोड झाली, कित्येक ठिकाणी मुळेसुद्धा खणून नेली गेली. मूठभर द्रव्यासाठी किती लाकूड लागते, हे त्या हजारात एकाच्या प्रमाणावरून ध्यानी यावे. ज्याने पेशीतील तोडजोड थांबवून माणसे वाचवली, त्या झाडाच्या वाट्याला निव्वळ तोड आली.

पर्यायांचा शोध सुरू आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी २००१ साली नरक्याच्या पेशी द्रवात वाढवून हे द्रव्य मिळवल्याचे प्रसिद्ध केले. २००५ साली जम्मूच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी नरक्याच्या आत वसणारी एक बुरशीही तोच रेणू बनवते असे दाखवले. मात्र झाडाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवताना अशा बुरशींची ही शक्ती क्षीण होते, असा अनुभव आहे. म्हणजे अद्यापि झाडाला पर्याय झाडच. म्हणून त्याची लागवड हा केवळ वनखात्याचा विषय नव्हे.

विद्यार्थी हो, या इतिहासातून मी दोन गोष्टी आपल्या हाती देऊ इच्छितो. एक, ‘कसे’ हा प्रश्न ‘काय उपयोग’ या प्रश्नापेक्षा लहान समजू नका. पीळ कसा सुटतो, या वरकरणी निरुपयोगी प्रश्नाने एक टाकाऊ औषध परत मिळवून दिले. दुसरी, ज्ञानाबरोबर ऋणही येते. नंदुरबारच्या मुलाने परक्या भूमीत शोधलेला रेणू आपल्याच डोंगरात उभा होता, हे आता आपणांस ठाऊक आहे. ठाऊक झाल्यावर तो डोंगर ओसाड होऊ देण्याचा अधिकार आपणांस उरत नाही. आपल्यापैकी काहीजण वैद्य होतील, काही वनाधिकारी, काही शेतकरी. या ऋणाचा आपापला हप्ता प्रत्येकाने फेडावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.