मॅन्युअल तपासणारं यंत्र : ‘टायपो’पासून ‘डॉकटेस्ट’पर्यंत

सॉफ्टवेअरचा इतिहास सांगताना आपण प्रोग्रामचा इतिहास सांगतो, त्याच्यासोबतचं मॅन्युअल बाजूलाच राहतं. आज त्या मॅन्युअलबद्दल बोलू. प्रश्न असा, की मॅन्युअल बरोबर आहे का हे यंत्राकडून तपासून घ्यायला माणसांनी केव्हा सुरुवात केली? आणि यंत्राने तपासलं म्हणजे नेमकं काय तपासलं?

सुरुवात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये होते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिहिलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक कमांडच्या पानाला ठरलेला साचा : नाव, वापरायची पद्धत, वर्णन, लागणाऱ्या फाइली आणि ‘बग्ज’ नावाचा एक विभाग. म्हणजे आपल्या प्रोग्रामचे दोष लेखकाने स्वतःच लिहून ठेवायचे! याचा एक चांगला परिणाम झाला. दोष चारचौघांत लिहायचा म्हटलं की लाज वाटते, आणि मग लिहिण्याऐवजी माणूस तो दुरुस्तच करून टाकतो. मॅन्युअल नीट असलंच पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांत डग मॅकिलरॉय आघाडीवर होते.

आता, तपासणीची साधनं याच मंडळींकडे का तयार झाली? कारण युनिक्सच्या पहिल्या ग्राहकांपैकी एक होता बेल लॅब्सचाच पेटंट विभाग. त्यांना अर्ज टाइप करून हवे होते. त्यामुळे मजकूर हाताळणं हे या यंत्राचं सुरुवातीपासूनचं काम होतं.

सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात रॉबर्ट मॉरिस आणि लोरिंडा चेरी यांनी ‘टायपो’ हा प्रोग्राम लिहिला. तो शुद्धलेखन ठरवायला शब्दकोशावर विसंबत नव्हता. मजकुरात कोणती तीन अक्षरं एकापाठोपाठ किती वेळा येतात, हे तो मोजायचा. ज्या शब्दांतली अक्षरांची जुळणी विरळ, ते शब्द यादीत वर. ‘हे चूक आहे’ असं तो म्हणत नसे. ‘हे जरा विचित्र दिसतंय, तुम्हीच बघा’ एवढंच सुचवायचा. निर्णय माणसाकडेच राहायचा, बरं का.

मग १९७५मध्ये स्टीव्ह जॉन्सन यांनी ‘स्पेल’ची पहिली आवृत्ती एका दुपारीत लिहिली : शब्द सुटे करा, क्रम लावा, शब्दकोशाशी ताडून पाहा. मॅकिलरॉय यांनी ते नव्याने घडवलं. अडचण होती जागेची. ६४ किलोबाइट मेमरीत सुमारे ३०,००० शब्द बसवायचे होते. त्यांनी शब्दांऐवजी शब्दांचे सांकेतिक आकडे साठवले आणि उपसर्ग-प्रत्यय काढून मूळ शब्द शोधला. चुकीचा शब्द बरोबर म्हणून सुटण्याची शक्यता राहिली साधारण ४,०००त एक, आणि ती त्यांनी जाणूनबुजून पत्करली. मराठीत हेच करायचं तर काम किती वाढतं बघा : घराला, घरातून, घरापासूनचा. आधी सामान्यरूप, मग प्रत्यय, त्यावर आणखी प्रत्यय.

पुढचं पाऊल होतं शैली तपासण्याचं. चेरी, नीना मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी ‘रायटर्स वर्कबेंच’ हा संच तयार केला. त्यातला ‘डिक्शन’ बोजड शब्दप्रयोग दाखवायचा, तर ‘स्टाइल’ वाचनसुलभतेचे गुण द्यायचा. हे गुण काढण्याच्या सूत्रांपैकी एक, किनकेड यांचं, १९७५मध्ये अमेरिकी नौदलासाठी बनलेलं. तांत्रिक मॅन्युअलं खलाशांना समजतात का, हा तिथे जिवाचा प्रश्न होता.

पण हे सूत्र मोजतं काय? वाक्याची लांबी आणि शब्दातली अक्षरावयवांची संख्या. आता समजा एका मॅन्युअलमध्ये लिहिलंय, ‘आधी वीज बंद करा, मग झाकण उघडा.’ दुसऱ्यात लिहिलंय, ‘आधी झाकण उघडा, मग वीज बंद करा.’ शब्द तेच, लांबी तीच, म्हणून गुणही तेच. फरक फक्त एवढाच, की दुसरं वाचणाऱ्याला शॉक बसेल! इथे या साधनांची मर्यादा उघड होते. ती वाक्याचं रूप तपासतात. वाक्य खरं आहे का, हे त्यांना कळत नाही.

खरेपणाच्या जवळ जाणारी कल्पना निराळ्या दिशेने आली. पायथनच्या जगात टिम पीटर्स यांनी ‘डॉकटेस्ट’ लिहिलं. २००१मध्ये, पायथन २.१पासून, ते भाषेसोबतच मिळू लागलं. डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरण दिलेलं असतं : ही आज्ञा द्या, हे उत्तर मिळेल. डॉकटेस्ट ते उदाहरण खरोखर चालवून बघतं आणि उत्तर ताडून पाहतं. प्रोग्राम बदलला, उदाहरण जुनंच राहिलं, की तपासणी नापास. पुढे रस्ट या भाषेने तर डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चालवून बघणं हा नेहमीच्या चाचणीचाच भाग केला.

ही मोठी झेप आहे, यात शंका नाही. डॉक्युमेंटेशन शिळं होणं हा जुना रोग, आणि त्यावर हे पहिलं खरंखुरं औषध. तरीही उदाहरणाच्या भोवतीचं स्पष्टीकरण चूक असेल, तर ते तसंच पास होतं. आणि जे लिहिलेलंच नाही, त्याची चाचणी होणार कशी?

म्हणून मी तुम्हाला पुन्हा त्या ‘बग्ज’ विभागाकडे नेतो. तो विभाग पानावर आहे का, त्यात स्पेलिंग बरोबर आहे का, हे यंत्र आज सहज सांगेल. पण तिथे कोणता दोष लिहायचा राहून गेलाय, हे तो दोष माहीत असलेल्या माणसालाच सांगावं लागतं. आज अनेक प्रकल्पांत डॉक्युमेंटेशनच्या सगळ्या तपासण्या हिरव्या दिसल्या की काम संपलं असं धरतात. धोका तिथेच आहे : यंत्राला जे मोजता येतं, त्यालाच आपण गुणवत्ता म्हणू लागतो. यंत्राने वाचवलेला वेळ ‘बग्ज’ प्रामाणिकपणे लिहिण्यात गेला, तर या पन्नास वर्षांच्या खटपटीचं चीज झालं म्हणायचं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.