बिघाड तारापूरचा, तपासणी ट्रॉम्बेची

यंत्र जिथे बंद पडलं तिथेच, शक्यतो त्याच्याच जातीच्या यंत्राच्या आधारानं तपासावं, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. संगणकाच्या धंद्यातही ती दिसते. एका प्रोसेसरवर कोसळलेल्या प्रणालीची मेमरी जशीच्या तशी उतरवून घेतात, त्याला क्रॅश डम्प म्हणतात. तो वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरवर वाचणं ही नाइलाजाची सोय मानली जाते. पालघर जिल्ह्यातल्या तारापूर अणुवीजकेंद्राचा जवळपास ६० वर्षांचा इतिहास पाहिला तर मला उलटं म्हणावंसं वाटतं. निदान दुसरीकडेच चांगलं होऊ शकतं. ते साधतं की फसतं हे वाचणाऱ्या यंत्राच्या जातीवर ठरत नाही. बिघडलेल्या यंत्राची रचना किती काळजीनं लिहून ठेवली होती यावर ठरतं.

जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९मध्ये व्यावसायिक उत्पादनात आल्या. इंधनाच्या प्रत्येक जुडग्यात ६ बाय ६ अशा मांडणीनं ३६ नळ्या. झिरकॅलॉयच्या आवरणात युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या. सुरुवातीच्या काळात यातल्या काही नळ्यांची आवरणं निकामी झाली. निकामी झाल्याचं तारापूरलाच कळे, कारण बाहेर पडणाऱ्या वायूंत झेनॉन आणि क्रिप्टॉनचं प्रमाण चढे आणि भट्टी बंद केल्यावर ‘सिपिंग’ची चाचणी घेऊन दोषी जुडगा हुडकता येई. पण आवरण का फुटलं, हे तिथे कळणं शक्य नव्हतं. इतका किरणोत्सारी धातू कापून पाहायची सोय वीजकेंद्रात नसते. म्हणून निवडक नळ्या शिशाचं कवच असलेल्या जाड पिंपातून मुंबईला, ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्रात गेल्या. तिथल्या हॉट सेलमध्ये, जाड काँक्रीटच्या भिंतींआड, शिसेयुक्त काचेतून पाहत आणि यांत्रिक हातांनी त्या कापून तपासल्या गेल्या. ठळक कारणं दोन निघाली. गोळ्यांत राहिलेल्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटून आवरणात शिरत होता आणि झिरकोनियम हायड्राइड बनून ते ठिसूळ होत होतं. दुसरं म्हणजे, भट्टीची शक्ती भराभर वाढवली की गोळी फुगून आवरणावर दाबत होती. यावरचे उपाय उघड होते: गोळ्या कसून वाळवायच्या आणि शक्ती सावकाश चढवायची. ज्या खोलीत हे उलगडलं तिथे अणुभट्टी नव्हती. नळी कोणत्या जुडग्यातली, भट्टीत कुठे होती, किती काळ आणि किती शक्तीवर चालली, ही माहिती मात्र तिच्याबरोबर होती. ती नसती तर भेग दिसली असती, भेगेचं कारण सांगता आलं नसतं.

संगणकाच्या मेमरीचंही असंच आहे. तारापूर सुरू झालं त्याच १९६९ साली ट्रॉम्बेत टीडीसी-१२ हा भारतीय संगणक तयार झाला. त्याचा शब्द १२ बिटांचा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४पासून सीडीसी ३६०० होता. त्याचा शब्द ४८ बिटांचा. एका यंत्राचा शब्द अष्टमान पद्धतीत छापला तर ४ अंक, दुसऱ्याचा १६. एकाची मेमरी दुसऱ्यावर वाचायची तर शब्द कुठे तुटतो हे आधी सांगावंच लागणार. पुढे बाइटचा क्रम हा आणखी एक घोळ आला. इंटेलच्या घराण्यातले प्रोसेसर ३२ बिटांच्या संख्येतला सर्वांत हलका बाइट आधी ठेवतात, मोटोरोला ६८००० घराण्यातले सर्वांत जड. पहिल्यावर साठवलेला १ दुसऱ्याच्या क्रमानं वाचला तर १,६७,७७,२१६ दिसतो. प्रेशर किंवा तापमान मोजणाऱ्या नोंदीत अशी चूक झाली तर तपास सुरुवातीलाच वाट चुकतो.

तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या, २००५ साली सुरू झालेली चौथी आणि २००६ची तिसरी, यांच्यापाशी एका यंत्राची मेमरी दुसऱ्यावर वाचण्याचा हा प्रश्न घरात आला. त्यांच्या नियमनाच्या यंत्रणेत दोन संगणक असतात: एक कामावर, दुसरा कधीही ताबा घ्यायला तयार. अशा नियंत्रकांवर सहसा कोणी आज्ञावली लिहीत बसत नाही. ती साध्या संगणकावर लिहून, कंपायलरनं नियंत्रकाच्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवून त्याच्यावर चढवतात. म्हणजे घडवणं पहिल्यापासूनच परक्या यंत्रावर होतं. मग तपासणी तिथे झाली तर त्यात कमीपणा कसला?

यावर एक आक्षेप रास्त आहे. परकं यंत्र आपल्या सवयी नोंदीवर लादतं. १,६७,७७,२१६ हे त्याचंच उदाहरण. पण त्यावर उपाय सापडलेला आहे. लिनक्सवर क्रॅश डम्पची नोंद ईएलएफ या स्वरूपात ठेवता येते. तिच्या शीर्षातच ती कोणत्या प्रोसेसरची, ३२ बिटांची की ६४, बाइटचा क्रम कोणता, हे लिहिलेलं असतं. लिनक्सचं ‘क्रॅश’ हे साधन इंटेलच्या यंत्रावर एआरएम प्रोसेसरच्या नोंदीसाठी बांधता येतं. मग ते मेलेल्या यंत्राच्या मेमरीतल्या पानांची कोष्टकं त्याच यंत्राच्या नियमांनी चालत जातं. पान ४ किलोबाइटचं की ६४चं, हेही स्वतःच्या सवयीवर सोडत नाही. दुसरा आक्षेप असा की नियंत्रकाचा तसाच एक बोर्ड कपाटात ठेवावा, की भागलं. काही वर्षं भागेलही. पण वीजकेंद्र ४० वर्षं चालवायचं असतं आणि प्रोसेसर बाजारातून त्याच्या कितीतरी आधी जातो. शिवाय सुटा बोर्डही त्याच दोषाचा असू शकतो. जो दोष शोधायचा आहे तोच तपासणाऱ्यात असेल तर तो कुणाला दिसणार?

धोका वेगळ्याच जागी आहे. चालू आज्ञावली नेमक्या कोणत्या मूळ मजकुरातून, कोणत्या कंपायलरच्या कोणत्या आवृत्तीनं बनली ही माहिती आणि तिच्यातली नावं मेमरीत कुठे बसली ही चिन्हसूची हरवली की डम्पमध्ये नुसते आकडे उरतात. मग यंत्र इंटेलचं असो वा एआरएमचं. बोर्डाचे सुटे भाग किती वर्षं पुरवणार हे पुरवठादाराला विचारतात, तसंच चिन्हसूची, कंपायलर आणि मूळ मजकूर केंद्राच्या ताब्यात केंद्राच्या पूर्ण आयुष्यभर राहतील, अशी अट खरेदीच्या करारात असली पाहिजे, आणि तिची पूर्तता भट्टी सुरू होण्याआधी तपासून घेतली पाहिजे.