दफननोंदी
मृताचे नाव, मृत्यूचा दिनांक, दफनाची जागा इत्यादींविषयी अंत्यविधीच्या सुमारास ठेवलेल्या लेखी नोंदी. थडगे नष्ट झाले, तरी त्यांवरून दफनाचा माग काढता येतो. इंग्लंडमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या व्यावसायिकांच्या हिशेबवह्या या कामी उपयुक्त ठरतात. कारण शवपेटी, वाहक व दफनभूमी यांचा खर्च त्यांत मांडलेला असतो. भारताच्या ग्रामीण भागात हे काम आप्तेष्ट व जातिबांधवच करीत असल्याने अशा वह्या आढळत नाहीत. येथे चर्चची नोंदपुस्तके आणि सरकारी मृत्युनोंदी हीच मुख्य साधने होत. चर्चमधील दफननोंदींच्या नकला लंडनला पाठविल्या जात. मद्रासच्या १६९८ पासूनच्या व मुंबईच्या १७०९ पासूनच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची वही पोलीस ठाण्यात नेऊन तेथे वर्दी देई. या नोंदी ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखल्या जातात. कोतवाल बहुधा निरक्षर असल्याने नोंद दुसऱ्याच्या हातची असे. तीत जात, वय, मृत्यूचे कारण इ. तपशील मिळतो, मात्र ‘ताप’ या एकाच सदरात अनेक रोग सामावलेले असत. स्त्रिया व अर्भके पुष्कळदा पती वा पित्याच्या नावानेच आढळतात. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत मध्य प्रांतात अतोनात मृत्यू झाले. अशा काळातील नोंदी अपुऱ्या समजाव्या लागतात.

या नोंदींचा हेतू आरोग्यविषयक आकडेवारी हा होता. दफनाची जागा सांगणे हा नव्हे. म्हणून त्यांची सांगड गावनकाशा, निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांतील दफनभूमीच्या उल्लेखांशी घालावी लागते. जातीच्या उल्लेखावरून दफन की दहन याचा केवळ अंदाज बांधता येतो. दहन करणाऱ्या अनेक जातींतही अर्भकांना पुरण्याची चाल होती.

जिल्ह्यातील खैरवाडा येथील शिलावर्तुळांसारख्या महापाषाणयुगीन दफनांना लेखी आधार नसल्याने तेथे उत्खनन हाच मार्ग उरतो. उलट, अलीकडील शतकांतील गरिबांच्या मृत्यूची खूण पुष्कळदा कोतवाल बुकातील एका ओळीपुरतीच उरली आहे. अनुसूचित जातींच्या दाव्यांत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जात असल्याने वंशजांच्या दृष्टीनेही या जीर्ण वह्यांचे जतन अगत्याचे आहे. [→ अंत्यविधि व अंत्यसंस्कार].