कोपरगाव की कोपरगांव: यादीतील शब्दाचे स्थान

स्ट्रिंगांच्या ॲरेत, म्हणजे शब्दांच्या यादीत, एखादा शब्द कितव्या जागी आहे हे शोधणे म्हणजे संगणकशास्त्राचा पहिला धडा. पहिल्या नावापासून तुलना करत जायचे, जुळले की त्या जागेचा क्रमांक सांगायचा, शेवटपर्यंत जुळले नाही तर ‘नाही’ म्हणायचे. बहुतेक भाषांत मोजणी शून्यापासून होते. त्यामुळे शून्य म्हणजे ‘सापडले नाही’ असे मानणारा प्रोग्राम यादीतले पहिलेच नाव गमावतो. म्हणूनच न सापडल्याची खूण म्हणून बहुधा उणे एक देतात.

शंभर गावांच्या यादीत अशा सरळ शोधाला सरासरी पन्नासच्या आसपास तुलना लागतात. यादी क्रमाने लावलेली असेल तर दरवेळी मधले नाव पाहून अर्धी यादी बाद करता येते आणि सात तुलनांत निकाल लागतो. मराठी यादीचा खरा प्रश्न मात्र वेगाचा नाही. दोन शब्द ‘तेच’ आहेत असे कधी म्हणायचे, हा तो प्रश्न आहे.

कोपरगाव तालुक्याचीच यादी घ्या. जुन्या कागदांत ‘कोपरगांव’ असे लिहिलेले असते. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 मध्ये शासनाने स्वीकारले, अनुच्चारित अनुस्वार गेले आणि ‘कोपरगाव’ रूढ झाले. वाचणाऱ्याला दोन्हींत पाचच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, मात्र पहिल्यात आठ चिन्हे आहेत, दुसऱ्यात सात. संगणक चिन्हे जुळवतो, गाव ओळखत नाही, म्हणून तो ‘नाही’ म्हणतो. ‘शिंगणापुर’ आणि ‘शिंगणापूर’ यांचेही तेच. ग्रामनामातला ‘पूर’ दीर्घ लिहावा हा नियम त्याच शुद्धलेखनाचा.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे तुलनेपूर्वी सगळे अनुस्वार काढून टाकणे. तो घातक आहे. याच तालुक्यात गोदावरीकाठी मंजूर नावाचे गाव आहे. त्याचा अनुस्वार काढला की ‘मजूर’ उरतो. म्हणून सरसकट नियम न लावता शब्दाच्या शेवटच्या ‘गांव’पुरताच बदल करावा. प्रत्येक नियमाची मर्यादा अशी खऱ्या नावांवर घासूनच ठरते.

काही भेद तर डोळ्यांना दिसतही नाहीत. शेजारच्या राहाता तालुक्यातले कोऱ्हाळे दोन प्रकारे टंकित होते. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह असते, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. ते काम आपल्यालाच करावे लागते.

अर्धी यादी बाद करण्याच्या रीतीत आणखी एक खाच आहे. वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत तो ‘ल’च्या लगेच पुढे आणि ‘व’च्या आधी बसला आहे. कोशाच्या क्रमाने कोवाड आधी आणि कोळपेवाडी नंतर, तर क्रमांकांनी उलट. यादी एका क्रमाने लावून शोध दुसऱ्या क्रमाने घेतला, तर यादीत असलेले नावही सापडत नाही.

कोपरगाव तालुक्याच्या यादीत ‘जेऊर’ शोधताना काय अपेक्षित आहे? पूर्ण जुळणी मागितली तर हाती काहीच येत नाही. अंशतः मागितली तर जेऊर कुंभारी आणि जेऊर पाटोदा दोन्ही येतात. तेव्हा पहिले स्थान देऊन थांबणे ही चूक आहे, जुळणारी सगळी स्थाने द्यायला हवीत. शिंगणापूर तर कोपरगाव तालुक्यातही आहे आणि शनीचे शिंगणापूर नेवासे तालुक्यात. तिथे अक्षरे पुरत नाहीत, तालुकाही जुळवावा लागतो. 2024 मध्ये या तालुक्यांचा अहमदनगर जिल्हा अहिल्यानगर झाला. ही दोन नावे कोणत्याही लेखननियमाने एक होणार नाहीत, त्यासाठी पर्यायी नावांचा वेगळा तक्ताच लागतो.

माझ्या मते योग्य मांडणी एकच. मूळ कागदावरचे नाव जसेच्या तसे ठेवावे, शेजारी शोधासाठी प्रमाणित रूप ठेवावे, तुलना त्या रूपांची करावी आणि उत्तरात मूळ यादीतले स्थान द्यावे. मूळ लेखनच ‘सुधारून’ टाकले तर जुन्या दस्तऐवजाशी पडताळणी कशाशी करणार?

गावांची यादी संगणकात भरणाऱ्याने ती लोकांच्या हाती देण्यापूर्वी कोपरगांव, मंजूर, कोऱ्हाळे आणि जेऊर ही चार नावे शोधून पाहावीत.