आधी व्यवहार, मग शब्द : चंद्रपूर-गडचिरोलीतील मुलांची मातृभाषा

लहान मूल शब्द कसे शिकतं, हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. मीमांसकांनी त्याला दिलेलं उत्तर म्हणजे 'वृद्धव्यवहार'. एक मोठा माणूस दुसऱ्याला म्हणतो, 'गाय आण.' दुसरा गाय आणतो. बाजूला बसलेलं मूल हे बघत असतं. पुढे ते 'गाय बांध' ऐकतं, 'घोडा आण' ऐकतं. वाक्यात कोणता शब्द बदलला आणि कामात काय बदललं, हे जुळवता जुळवता त्याला एकेका शब्दाचा अर्थ सापडतो. म्हणजे आधी व्यवहार, मग शब्द. हे सूत्र हाताशी ठेवून आज आपल्याला चंद्रपूर-गडचिरोलीचा इतिहास बघायचा आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख एकच, जुना चांदा. इथली मराठी म्हणजे मुख्यतः झाडीबोली. जंगलात आत जावं तशी गोंडी आणि माडिया. सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची बंगाली. आठवडी बाजारात इथल्या मुलाच्या कानावर दोन-तीन भाषा सहज पडतात आणि त्याचं काही अडत नाही. कारण तिथं प्रत्येक शब्दामागे देणंघेणं असतं.

गोंडीतले आकडेच बघा ना. उंदी, रंड, मुंड, नालुंग, सय्युंग. हे तिचे स्वतःचे द्राविडी शब्द आहेत. कन्नड जाणणाऱ्यांना 'ओंदु, एरडु, मूरु' आठवेल. पण गोंडीच्या अनेक बोलींत सातानंतरचे आकडे मराठी-हिंदीतून घेतलेले आहेत. मला वाटतं, मोठे हिशेब बाजारात होत गेले, तेव्हा बाजाराचे शब्दही घरी आले. कुणी शिकवायला बसलं नव्हतं.

अडचण सुरू होते ती शाळेत. डोळ्याला कन्नडमध्ये 'कण्णु', तसं गोंडीत 'कन'. आता पहिलीत गुरुजी 'कान' म्हणतात, तेव्हा गोंडी मुलाचा हात कुठे जाईल? डोळ्याकडे गेला, तर आपण त्याला चूक म्हणणार. त्याच्या डोक्यात हजारो शब्द आहेत, त्यांतला जवळचा शब्द त्याने नेमका काढला. आपल्या शेऱ्यात मात्र तो 'मराठीत कच्चा' ठरतो.

हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, असं नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. त्याच वेळी सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३५० अ हे कलम घातलं गेलं : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, यासाठी राज्याने प्रयत्न करावा. भाषेच्या नावाने सीमा आखली, की त्या सीमेच्या आत दुसऱ्या भाषेची माणसं उरतात, हे कलम लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. गोंडी माणसं तर महाराष्ट्र, आंध्र, मध्य प्रदेश अशी वाटली गेली. भाषक लाखोंनी, आणि प्रत्येक राज्यात अल्पसंख्य.

१९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथं डॉक्टर प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया शिकावी लागली, कारण कुठे दुखतंय हे रुग्ण आपल्याच भाषेत सांगणार. दवाखान्यात आपल्याला हे लगेच पटतं. मग वर्गातल्या सहा वर्षांच्या मुलाकडून उलटी अपेक्षा का?

२०१९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. आता विचार करण्यासारखी गोष्ट बघा. शाळेला मान्यता हवी, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. शक्य तिथवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी, असंही तोच कायदा सांगतो. अंमल पहिल्या वाक्याचा झाला.

मराठी शिकवू नका, असं माझं म्हणणं नाही. तालुक्याला, कचेरीत, कोर्टात ती लागणारच, आणि मुलं ती शिकतीलही. पण बाजारातली भाषा शिकतात तशी. पहिली दोन-तीन वर्षं वर्गात गोंडी जाणणारा शिक्षक असावा. मुलाने पान, फूल, मासा, पाऊस यांची नावं आधी आपल्या भाषेत सांगावीत, आणि मराठी शब्द त्यांच्या शेजारी येऊन बसावा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण आनंद केला. गोंडी आजही आठव्या अनुसूचीत नाही. इंग्रजीसमोर मराठीची बाजू मांडताना आपण म्हणतो, मूल मातृभाषेतच नीट विचार करतं. हे वाक्य खरं असेल, तर ते धानोऱ्यातही खरं असलं पाहिजे. तिथं ते म्हणायला आपण तयार आहोत का, एवढा प्रश्न तुमच्यापुढे ठेवून थांबतो.