कासारसाईचा पाऊस आणि एचिगोचे बर्फ

गेल्या जुलैतल्या एका रविवारी आम्ही तिघे, एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणारे, आपापली कुटुंबे घेऊन कासारसाईला गेलो होतो. हिंजवडीच्या काचेच्या इमारती मागे पडल्या की थोड्याच वेळात उसाचे मळे सुरू होतात, संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याची पाटी दिसते आणि मग मातीच्या बांधाआड अडवलेले पाणी समोर येते. स्थळ तसे लहान आहे. कणसे भाजणाऱ्या चारदोन शेगड्या, भज्यांची कढई, काठावर एकदोन तंबू. मोठ्यांना पाहण्यासारखे फारसे काही नाही. मुलांना मात्र पुष्कळ आहे. आमची मुले खताच्या रिकाम्या पोत्यांवर बसून ओल्या गवताच्या उतारावरून घसरत होती. पुन्हा चढायचे, पुन्हा घसरायचे. दोन तास त्यांनी दुसरे काही केले नाही.

कणसे भाजणाऱ्या आजी त्यांच्याकडे बघत होत्या. त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आमच्या टायमाला असा पाऊस लागला तर कुत्रंसुदिक बाहेर निघत नव्हतं. आता माणसं निघत्यात." त्या हसल्या, आम्हीही हसलो. पण वाक्य मनात राहिले. प्रस्तुत लेख हा त्या वाक्याचाच विस्तार आहे, असे म्हटले तरी चालेल.

त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने छायाचित्रे पाठवली होती. हिंजवडीतल्या नोकरीच्या निमित्ताने ती सध्या जपानात असते आणि सुट्टीत मुलाला घेऊन निईगाता प्रांतातल्या एका छोट्या स्की-स्थळावर गेली होती. एकच डोंगरउतार, माणसांना वर नेणारा एकच पाळणा, खाली शेवयांच्या गरम वाडग्यांचे उपाहारगृह, आणि लाल प्लॅस्टिकच्या घसरगाड्यांवरून ओरडत खाली येणारी चिल्लीपिल्ली. शेजारी थर्मास घेऊन उभ्या असलेल्या आज्या. तिने लिहिले होते, 'इथे कोणी खेळाडू नाही, सगळे घरचेच वाटतात.' कासारसाईच्या उतारावर आम्हाला ती छायाचित्रे आठवली. तिथले बर्फ आणि इथला पाऊस यांचे नाते मात्र आजींच्या वाक्याने जुळवून दिले.

निईगाताचे जुने नाव एचिगो. त्या मुलखातल्या शिओझावा गावी सुझुकी बोकुशी (१७७०–१८४२) नावाचा कापडाचा व्यापारी राहत असे. त्याने आपल्या भागातील बर्फाविषयी एक ग्रंथ लिहिला, 'होकुएत्सु सेप्पु'. तो १८३७ साली छापला जाऊ लागला, पण तत्पूर्वी प्रकाशकाच्या शोधात बोकुशीची सुमारे चाळीस वर्षे गेली. राजधानीतल्या नामवंत लेखकांना तो पत्रे लिहीत राहिला, हस्तलिखित या हातातून त्या हातात फिरत राहिले. (लेखनाच्या नशिबाविषयी तक्रार करणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे चाळीस वर्षांचे प्रकरण भिंतीवर लिहून ठेवावे.) ग्रंथाच्या आरंभीच त्याची एक खंत येते. उबदार प्रांतातल्या लोकांना बोटभर बर्फ पडले की मद्य आणि कविता सुचतात. आमच्याकडे पहिला कण पडला की वर्षाच्या कष्टांची सुरुवात होते. छपरे दबून मोडू नयेत म्हणून उपसा करायचा, घराबाहेर पडण्यासाठी बर्फातून वाट कोरायची, हिवाळ्याआधी धान्यसरपणाची बेगमी करायची. बंद घरांत बायका वस्त्र विणत आणि ते बर्फावरच पसरून उजळवीत. त्याने सांगितलेली एक हकीकत विसरता येत नाही. एक तरुण जोडपे तान्ह्या बाळाला त्याच्या आजोळी दाखवायला निघते, वाटेत हिमवादळ गाठते. दुसऱ्या दिवशी दोघे मृतावस्थेत सापडतात आणि आईच्या कुशीतले बाळ तेवढे जिवंत असते.

शंभर वर्षांच्या आत तेच बर्फ खेळाचे झाले. १९११ साली थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करी अधिकाऱ्याने त्याच प्रांतातल्या ताकादा येथे जपानी सैनिकांना स्की शिकवले. १९३१ साली शिमिझु बोगदा पुरा झाला आणि डोंगरापलीकडच्या टोकियोला हिममुलूख एकदम जवळचा झाला. यासुनारी कावाबाता यांच्या 'युकिगुनी'चा आरंभ ज्या बोगद्यापाशी होतो तो हाच. कादंबरीचा नायक शहरातून येणारा, रिकामा, बर्फाकडे सौंदर्य म्हणून पाहणारा आहे. बोकुशीला ज्याचा राग होता नेमका तोच माणूस. कावाबातांना याची जाणीव नव्हती असे नाही. बर्फावर उजळवल्या जाणाऱ्या त्या वस्त्राचा प्रसंग कादंबरीत येतो तो बोकुशीच्या ग्रंथाच्या आधारानेच. वर्गात 'युकिगुनी' शिकवताना आपण नायकाच्या दृष्टीविषयी तासभर बोलतो. तिच्यामागे उभ्या असलेल्या कापडव्यापाऱ्याविषयी सहसा नाही.

पण जपानच्या गोष्टीत आणखी एक धागा आहे. शेजारच्या नागानो प्रांतातल्या नोझावा ओन्सेन या गावात १९२३ साली गावकऱ्यांनी स्वतः स्की मंडळ स्थापन केले. उतार त्यांनी साफ केले, पुढे पाळणे उभारले, आणि १९६३ साली सारे गावाच्या कारभाराकडे सोपवले. म्हणजे ज्यांनी बर्फ उपसले त्यांनीच ते खेळायला काढले. सर्वत्र असे झाले नाही हे खरे. मोठ्या भांडवलाचीही स्की-स्थळे झाली, १९९०च्या दशकाच्या आरंभी स्की करणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ८० लाखांवर पोचली आणि नंतर इतकी घसरली की शेकडो उतार बंद पडले. तरीही गावाने चालवलेल्या छोट्या उतारांवर आज मुले घसरतात, त्यांत त्याच गावच्या शाळेची मुलेही असतात.

आता आपल्याकडे वळू. मराठी माणसाच्या जुन्या प्रवासाला कारण लागत असे: वारी, तीर्थ, नोकरी, लेकीबाळींचे माहेर. १८५७ साली गोडसे भटजी वरसईहून उत्तरेस निघाले ते दक्षिणेच्या आशेने. निव्वळ पाऊस पाहायला घाट चढणे ही कल्पना त्यांना वेडेपणाची वाटली असती. मावळ-मुळशीत तर पाऊस म्हणजे कोंडी. अगोटीआधी मीठमिरची, सरपण, वैरण भरून घ्यायची. राब भाजलेल्या जागी वाढलेली रोपे डोक्यावर इरले घेऊन, चिखलात वाकून लावायची. ओढा चढला की पलीकडचे गाव आठवडाभर परके. बोकुशीने हे वाचले असते तर त्याला ओळखीचे वाटले असते.

आपल्या पाण्याला सहलीचे रूप आले तेही रेल्वेनेच, पण आडवळणाने. १८६३ साली बोरघाटाची रेल्वे सुरू झाली आणि त्या काळात वाफेच्या इंजिनांना पाणी हवे म्हणून लोणावळ्याजवळ भुशीचे धरण बांधले गेले. इंजिने गेली, पाणी राहिले, आणि त्याच्या ओसंडणाऱ्या पायऱ्यांवर मुंबई-पुण्याची कुटुंबे येऊन बसू लागली. कासारसाईच्याच तालुक्यात, पश्चिमेला, मुळा नदीवर टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण योजले. त्याविरुद्ध १९२१ साली रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती तिथेच. पन्नासावर गावांच्या आंबेमोहराची खाचरे पाण्याखाली जाणार होती. सत्याग्रह १९२४पर्यंत चालला आणि हरला. ते पाणी सह्याद्रीवरून कोकणात भिऱ्याला उतरते आणि त्याची वीज मुंबईसाठी. आज मुळशीच्या जलाशयाकाठी विश्रामगृहे आहेत, आणि 'लेक व्ह्यू' खोलीचे भाडे जास्त असते. कासारसाईचे धरण त्या मानाने चिमुकले आणि पाटबंधाऱ्याचे, त्याची आणि मुळशीची तुलना करू नये. पण रविवारी येणाऱ्याला पाणी पाणीच दिसते. ते कोणासाठी अडवले होते हे काठावर कुठे लिहिलेले नसते.

जपानच्या छोट्या उतारापासून आपण वेगळे पडतो ते इथे, असे आम्हाला वाटते. आपल्या सहलीची स्थळे कोणी सहलीसाठी केली नाहीत. ती दुसऱ्या कामाची उरलेली बाजू आहे, म्हणून तिथे दोर नाही, कुंपण नाही, मुलांचा उतार कुठला आणि धोक्याचा कुठला हे सांगणारे कोणी नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. त्यांना शोधायला शिवदुर्ग मित्र या संस्थेचे लोणावळ्यातले स्वयंसेवक उतरले. गावच्या लोकांच्या वाट्याला कणीस भाजणे येते, गाड्या लावून देणे येते आणि हे येते. उतार चालवणे येत नाही. वर्षाविहाराच्या जाहिरातींत 'निसर्गरम्य' हा शब्द भरपूर असतो. तेवढ्याने काम भागते.

आणि साहित्याचे काय? आमच्या मराठी पावसाचा बराचसा भाग खिडकीतून पाहिलेला आहे. गो. नी. दांडेकर हे ठळक अपवाद. तळेगावी राहणाऱ्या या लेखकाने 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा' याच मुलखातून उचलले. तरीही बोकुशीसारखा, स्वतःच्या गावच्या हवामानाविषयी आतून लिहिणारा मावळात कोणी झाला नाही, असे आम्ही अनेक वर्षे म्हणत आलो. ते चूक होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली ती मुळशी-मावळातल्या गावांतूनच. पुढे महाराष्ट्रभरातून तो संग्रह एक लाखावर ओव्यांचा झाला आणि २०१७पासून पारी या संकेतस्थळावर तो टप्प्याटप्प्याने, बायकांच्या आवाजासह, प्रसिद्ध होत आला आहे. त्यात पेरणी आहे, पाऊस आहे, पुराने अडलेला भाऊ आहे. बोकुशीला निदान नाव आणि प्रकाशक मिळाला. इथे लेखक हजारो आहेत आणि बहुतेकींना लिहिता येत नव्हते.

यंदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला पावसावरचे लेखन शिकवायचे आहे. नेमलेल्या कवितांबरोबर या ओव्यांचे ध्वनिमुद्रण ऐकवायचे आम्ही ठरवले आहे, आणि तेही पहिल्या तासाला. कासारसाईच्या आजींना आम्ही निघताना विचारले, तुम्हाला जात्यावरच्या येतात का? त्यांनी शेगडीत कोळसा सारला आणि म्हणाल्या, "येत्यात की. पन आता गिऱ्हाईक हाय. पाऊस थांबला की या."