रॉड ब्रेकची काळी सायकल

काळा रंग, २८ इंची चाके, तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे ब्रेक, पूर्ण झाकलेली चेन आणि चामड्याचे सीट अशा रूपातली सायकल विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये स्थिरावली. तिथे तिला ‘रोडस्टर’ म्हणत. पुढे अनेक दशके तिच्या आराखड्यात फारसा बदल झाला नाही. महाराष्ट्रात आज ज्या जुन्या सायकली जपल्या जातात, त्यांतल्या बहुतेक याच घराण्यातल्या आहेत.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची १८८५ची ‘रोव्हर’. दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि चेनने फिरणारे मागचे चाक या दोन गोष्टींमुळे पुढच्या अवाढव्य चाकावर चढून बसण्याची कसरत संपली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि बसणारे हादरे कमी झाले. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बीएसए आणि हर्क्युलिस, तसेच हंबर, रज, फिलिप्स आणि सनबीम ही नावे पुढे हिंदुस्थानातल्या घराघरांत पोहोचली.

मराठी मुलखात सायकलीचा व्यापार फार लवकर सुरू झाला. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावच्या सायकल दुकानातून झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. पुढे याच घराण्याने लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. महाराष्ट्रातल्या यंत्रोद्योगाची एक मोठी शाखा अशी सायकलीच्या दुकानातून फुटली आहे, हे सहसा आठवले जात नाही.

सुरुवातीची सायकल वकील, डॉक्टर, अधिकारी अशा मोजक्यांनाच परवडे. ती खरोखर किती लांब नेऊ शकते, हे मुंबईच्या पारशी तरुणांनी दाखवले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरची फेरी पूर्ण करून मार्च १९२८ मध्ये परतले.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सायकल मध्यमवर्गात उतरली, आणि पुण्यात तर ती शहराची ओळख झाली. शहर बरेचसे सपाट, पेठांतले रस्ते अरुंद, घर ते कॉलेज किंवा कचेरी हे अंतर दोन-चार मैलांचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे आणि स्वातंत्र्यानंतर पिंपरीच्या नव्या कारखान्यांचे कामगार पाळीच्या वेळेला सायकलवरूनच येत-जात. बायकांसाठी मधला दांडा नसलेली लेडीज सायकल आली. पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी बसे. तिला साडीगार्ड म्हणत. शिकणाऱ्या मुलींच्या कित्येक पिढ्यांना घराबाहेर एकटे जाण्याची मुभा या सायकलीने दिली. शहराच्या सामाजिक इतिहासात तिला याहून मोठी जागा मिळायला हवी.

सायकलीभोवती नियम होते आणि धंदेही होते. नगरपालिका सायकलीवर कर घेई आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देई. तो सायकलीवर दिसेल असा लावावा लागे. रात्री दिवा नसणे आणि डबलसीट बसणे हे गुन्हे होते. आधी रॉकेलचा दिवा होता. मग कार्बाइडचा आला: डबीतल्या कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन वायू तयार होई आणि त्याची पांढरी लखलखीत ज्योत पेटे. त्यानंतर टायरला घासून फिरणारा डायनामो आला. ज्यांना सायकल घेणे जमत नसे, त्यांच्यासाठी भाड्याची सायकल होती. तासाच्या हिशेबाने घेतलेल्या अशा सायकलीवर मुले मधल्या दांड्याखालून पाय घालून आधी हाफ पायडल आणि मग फुल पायडल शिकत. भाड्याचे दुकान, पंक्चरचे दुकान आणि ओव्हरहॉलिंग करणारा मिस्त्री बहुधा एकाच फळीवर नांदत.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लिश कारखाने लष्करी कामाला लागले. बीएसएने छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची सायकल केली. दोन पंखवाले नट सैल केले की ती मधोमध दुमडे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि देशी कारखान्यांनी बाजार घेतला. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होतीच. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, आसनसोलजवळ सेन-रॅले, सोनिपतला ॲटलास आणि लुधियानात हीरो उभी राहिली. या सर्वांनी आराखडा इंग्लिश रोडस्टरचाच ठेवला. भारतात जुनी सायकल इतकी टिकली, याचे खरे कारण इथे आहे: २८ इंची टायर, ब्रेकचे रबर, कॉटर पिन हे सगळे इथे बनत राहिले. परदेशातले शौकीनही आपल्या जुन्या इंग्लिश सायकलींना भारतीय टायर चढवतात.

उतरती कळाही याच परिसरातून सुरू झाली. १९६०च्या दशकात आकुर्डीतून बजाजच्या स्कूटर बाहेर पडू लागल्या आणि १९७२ मध्ये पुण्यातच कायनेटिकची लुना आली. रहदारी वाढली, शहर लांबवर पसरले आणि रोडस्टर दूधवाले, पोस्टमन आणि मुंबईचे डबेवाले यांच्याकडे उरली. बाकीच्या माळ्यावर गेल्या किंवा भंगारात.

जुनी सायकल ओळखण्याची सुरुवात बहुधा चेनच्या पुढच्या चक्रापासून होते. हंबरच्या चक्रात पाच मानवी आकृत्या असतात, रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी, रजच्या चक्रात हाताचा पंजा. हंबरचा पुढचा चिमटाही दुहेरी नळ्यांचा असतो. वय ठरवताना फ्रेमचा नंबर उपयोगी पडतो. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल, तर त्याच्या अंगावर अनेकदा वर्षाचा आकडा ठोकलेला दिसतो. मात्र हब बदललेला असू शकतो, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. झिलईवरूनही काळ कळतो: साधारण १९३०च्या आधी निकेल असे, क्रोम नंतर आला. पिवळसर छटेचे निकेल काढून त्यावर चकचकीत क्रोम चढवणे म्हणजे सायकलीची जन्मतारीखच पुसणे.

दुरुस्तीत सर्वांत त्रास देते ती कॉटर पिन. क्रँक आसावर पक्की धरणारी ही पाचर गंजाने बसते. रॉकेल सोडून, खालून टेकू देऊन सावकाश काढावी लागते. घाईत हातोडा घातला की पिन वाकते आणि क्रँकही जायबंदी होतो. दुसरी अडचण आट्यांची. रॅलेच्या क्रँकच्या कपांना इंचाला २६ आटे असतात, इतर बहुतेक इंग्लिश सायकलींना २४. बाजारातला कप जबरदस्तीने फिरवला तर फ्रेमचे आटे कायमचे जातात. चाकांचेही असेच. इंग्लिश रिवाजाप्रमाणे पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक असतात. रॉड ब्रेकचे रबर रिमला बाजूने नव्हे तर आतून, हबकडच्या अंगाने टेकते, त्यामुळे रिमही त्याच घडणीची लागते. चाकाचा आऊट नीट काढला नाही तर ब्रेक फेरीला एकदा धरतो आणि एकदा सोडतो.

रंगाबद्दल शौकिनांत दोन पक्ष आहेत. कारखान्यात काळा रंग भट्टीत भाजून पक्का करत आणि वर सोनेरी रेघा हाताने ओढत. असा मूळ रंग थोडा जरी शिल्लक असेल, तर तो साफ करून ठेवणेच योग्य. नवा स्प्रे मारलेली सायकल दिसते छान, पण तिच्यावरचा पुरावा नाहीसा होतो. चामड्याचे सीटही वाळून तडकले नसेल तर मेण लावून आणि पुढचा ताणाचा नट बेताने आवळून पुन्हा वापरता येते.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकल संग्रहालय २०१७ पासून लोकांसाठी खुले आहे, आणि युद्धातली घडीची बीएसए तिथे पाहायला मिळते. पण संग्रहालयात मावतील त्यापेक्षा कितीतरी अधिक सायकली अजून वाड्यांच्या जिन्यांखाली आहेत. ज्यांच्या घरी अशी सायकल असेल, त्यांनी ती भंगारवाल्याला देण्याआधी फ्रेमचा नंबर टिपून घ्यावा. खरेदीची पावती, कराचा बिल्ला आणि जुना दिवा एकत्र ठेवावा. आणि शक्य असेल तर ती एखाद्या जुन्या मिस्त्रीकडून खोलून घ्यावी, म्हणजे कॉटर पिन न मोडता काढायची हातोटीही पुढच्या पिढीकडे जाईल.